जरा ती बादली सरकवा

जास्वंदीचं फूल सकाळी उमललं की त्याच्यावर तीन-चार दावे एकदमच दाखल होतात. पहिला देवघराचा. लाल जास्वंद गणपतीची, याबद्दल घरात दुमत नसतं. दुसरा मुंग्यांचा, त्या कुणाला विचारत बसत नाहीत. तिसरा दावा हातात पिशवी आणि आकडी लावलेली काठी घेऊन पहाटे फिरायला निघणाऱ्या आजोबांचा. कुंपणाबाहेर डोकावणारं प्रत्येक फूल ही सार्वजनिक मालमत्ता, असा त्यांचा कायदा. आणि अलीकडे चौथा दावेदार उभा राहिला आहे. उभा कसला, बसलेलाच: एक गुडघा बाल्कनीच्या फरशीवर, कोपर कुंडीच्या काठावर, श्वास रोखलेला आणि मोबाइल थेट फुलाच्या नाकाशी.

"अहो, फूल आणायला गेलात ना? पूजा खोळंबलीय."

"दोन मिनिटं. ऊन येतंय."

"ऊन काय, रोजच येतं."

"हे फूल उद्या नसेल."

जास्वंदीचं फूल एका दिवसाचं असतं, त्यामुळे दोघांचंही बरोबर असतं. तडजोड बहुधा अशी निघते: आधी फोटो, मग देव, आणि फोटो चांगला आला नाही तर देवाच्या डोक्यावरच्या फुलाचा पुन्हा एकदा फोटो. मागे समईचा उजेड येतो म्हणून हा दुसरा फोटो बरेचदा पहिल्यापेक्षा सरस ठरतो. पण ते मान्य केलं तर रोज देवघरात गर्दी होईल, म्हणून कुणी बोलून दाखवत नाही.

घरच्या झाडाफुलांचे फोटो काढण्याच्या छंदाला ना वर्गणी लागते, ना वेगळी खोली. फोन आधीच घरात असतो, कुंड्याही असतात. २०२०च्या टाळेबंदीत अनेकांना आपल्याच बाल्कनीत काय काय उगवलंय याचा नव्याने शोध लागला आणि भेटवस्तू म्हणून येऊन कोपऱ्यात धूळ खात पडलेल्या मनीप्लांटचे एकदम सगळ्या कोनांतून फोटो निघाले. छंद स्वस्त, निरुपद्रवी आणि घरच्या घरी. निदान पहिले काही दिवस घरच्यांचा तसा समज असतो.

मग बाल्कनी आडवी येते. मराठी मध्यमवर्गीय बाल्कनी ही मुळात कोठीची खोली. झाडं तिथे पाहुणी म्हणून राहतात. गुलाबाच्या मागे कपड्यांचं स्टँड, त्यावर टॉवेल आणि बनियन. शेवंतीच्या मागे फरशी पुसायची बादली. वर एसीचं यंत्र, समोर कबुतरांसाठी लावलेली जाळी आणि कोपऱ्यात, कधीतरी उपयोगी पडेल म्हणून ठेवलेला प्लायवुडचा तुकडा. नुसत्या डोळ्यांना गुलाब दिसतो. फोटोत गुलाब, बनियन, बादली आणि प्लायवुड सगळं सारख्याच इमानदारीने दिसतं. मोबाइलच्या कॅमेऱ्याचा सेन्सर नखाएवढा. त्यामुळे जरा लांबून फोटो काढला की जवळचं आणि लांबचं जवळपास सारखंच स्पष्ट येतं. सहलीच्या ग्रुप फोटोला हा गुण, गुलाबाला अवगुण.

त्यावर उपाय म्हणून फोनमध्ये 'पोर्ट्रेट' नावाची सोय असते. ती माणसांच्या चेहऱ्यांसाठी शिकवलेली. फूल कुठे संपतं आणि पार्श्वभूमी कुठे सुरू होते याचा ती अंदाज बांधते, आणि जास्वंदीपुढे हा अंदाज हमखास कोलमडतो. जास्वंदीच्या मधोमध जो लांब दांडा बाहेर येतो, ज्याच्यावर पिवळे परागकोश आणि टोकाला पाच मखमली ठिपके असतात, तो फोनला फुलाचा भाग वाटतच नाही. पाकळ्या लख्ख आणि दांडा धूसर असं एक विचित्र फूल तयार होतं. मागचा बनियन मात्र दोन पाकळ्यांच्या फटीतून अगदी स्वच्छ दिसतो.

तेव्हा पुढची पायरी म्हणजे पार्श्वभूमीच झाकणं. मुलाच्या शाळेच्या प्रोजेक्टसाठी आणलेली काळी कार्डशीट कामाला येते. ती धरायला कुणीतरी लागतं, आणि इथून घरातल्या माणसांचं स्टँडमध्ये रूपांतर सुरू होतं. "जरा डावीकडे. तिरकी नको धरूस. बोटं दिसतायत." कार्डशीट मिळाली नाही तर काळी छत्री, काळी पँट, क्वचित कपाटातली काळी पैठणी. पैठणीचा प्रयोग सहसा एकदाच होतो.

यात लाजण्यासारखं मात्र काही नाही, कारण हाच उद्योग बर्लिनमध्ये कार्ल ब्लॉसफेल्ट नावाच्या कलाशिक्षकाने तीसेक वर्षं केला. १८६५ साली जन्मलेला हा गृहस्थ तरुणपणी लोखंडी ओतकामाच्या कारखान्यात शिकलेला. फोटोग्राफीचं रीतसर शिक्षण नाही. रस्त्याच्या कडेला, रेल्वेच्या बांधावर उगवलेली तणं उचलून आणायची, साध्या पुठ्ठ्यासमोर उभी करायची आणि स्वतः जुळवलेल्या कॅमेऱ्याने तीस-तीस पट मोठी करून टिपायची, असा त्याचा क्रम. हेतू एवढाच, की नक्षीकाम शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना आकार दाखवता यावेत. भोपळ्याच्या वेलीचे ताणे त्याच्या फोटोत लोखंडी जाळीच्या वेलबुट्टीसारखे दिसतात आणि नेच्याचं गुंडाळलेलं कोवळं पान एखाद्या धर्मगुरूच्या दंडासारखं. १९२८ साली 'उरफॉर्मेन डेर कुन्स्ट' हे त्याचं पुस्तक निघालं आणि वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी हा मास्तर एकदम गाजला. निवृत्तीनंतर बाल्कनीत बसलेल्या समस्त काकांनी ही तारीख लक्षात ठेवायला हरकत नाही.

घरच्यांना स्टँड करणाऱ्यांनी आणखी एक नाव लक्षात ठेवावं: अमेरिकेतल्या इमोजेन कनिंगहॅम. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकाअखेर त्या कॅलिफोर्नियात राहायला आल्या आणि लवकरच घरात तीन लहान मुलगे झाले, त्यातले दोन जुळे. स्टुडिओ चालवणं शक्य नव्हतं. मुलं अंगणात धुमाकूळ घालत असताना अंगणात जे उगवतं तेवढंच टिपता येत होतं, म्हणून त्या झाडाफुलांकडे वळल्या. पुढे त्यांनी स्वतःच तसं सांगितलं. १९२५ सालचा त्यांचा मॅग्नोलियाच्या फुलाचा फोटो आज संग्रहालयात मानाने टांगला जातो. त्यात चौकटभर फक्त फूल आहे. कडेला काय चाललं होतं हे दिसत नाही, पण जुळी मुलं असलेल्या कुठल्याही आईला त्याची कल्पना येईल. फुलाच्या इतकं जवळ गेलं की आजूबाजूचं घर चौकटीतून आपोआप बाहेर पडतं. बादली हलवायला घरातलं कुणी तयार नसेल तर हा उपाय बिनखर्चाचा.

जवळ जाण्याची मात्र वेगळी किंमत मोजावी लागते, आणि ती मोजतं घर.

मोगऱ्याचा बहर उन्हाळ्यात. फूल जेमतेम रुपयाएवढं. त्याच्या अगदी जवळ गेलं की स्पष्ट दिसणारा पट्टा एक-दोन मिलिमीटरचा उरतो. पुढची पाकळी साधली तर मागची जाते, मागची साधली तर पुढची. माणूस त्या पट्ट्याच्या शोधात मागेपुढे डुलू लागतो. लांबून पाहणाऱ्याला तो जप करतोय असं वाटतं. त्यात वाऱ्याची एक झुळूक आली की सगळं पुसलं जातं. म्हणून मोगऱ्याची कुंडी दिवाणखान्यातल्या खिडकीशी आणली जाते, खिडकीवर उजेड मऊ करायला ट्रेसिंग पेपर किंवा जुन्या धोतराचा तुकडा लागतो, दुसऱ्या बाजूने उजेड परतवायला थर्माकोलचा तुकडा किंवा स्टीलचं ताट उभं राहतं आणि मग तो हुकूम सुटतो.

"पंखा बंद करा."

मे महिन्यातल्या दुपारी, नागपुरात म्हणा किंवा जळगावात, ही तीन शब्दांची मागणी करायला छाती लागते. घरातली सगळी मंडळी घाम पुसत, एका फुलाच्या स्वास्थ्यासाठी निश्चल बसून राहतात. एखादा पाहुणा असेल तर त्याला वाटतं, घरात काहीतरी अशुभ घडलं असावं. एवढं करून फोटो पाहावा तर मोगरा मळका. शुभ्र फूल करड्या फडक्यासारखं.

हा दोष मोगऱ्याचा नाही. कॅमेऱ्याला फूल कळत नाही, उजेड कळतो. समोरचं दृश्य सरासरीने मध्यम करड्या रंगाचं असणार असं गृहीत धरून तो हिशेब करतो. चौकटभर पांढरंच दिसलं की त्याला वाटतं उजेड फार झाला, आणि तो सगळं काळवंडून ठेवतो. म्हणून पांढऱ्या फुलाला उजेड कमी न करता वाढवावा लागतो. स्क्रीनवर बोट ठेवलं की जो छोटा सूर्य दिसतो, तो वर सरकवायचा. ही गोष्ट मनाला पटत नाही. "आधीच पांढरं आहे, आणखी उजेड कशाला?" असं म्हणणारी माणसं पुढची कित्येक वर्षं मळका मोगरा काढत राहतात. लाल जास्वंदीचं दुखणं उलटं. तिच्या पाकळीवर बारीक शिरा असतात, कडेला मुरड असते. पण कॅमेऱ्यात लाल रंगाचा हिशेब इतर रंगांच्या आधी काठोकाठ भरतो आणि सगळी पाकळी म्हणजे कुंकवाचा एक सपाट धब्बा होऊन बसते. तिथे तो सूर्य खाली ओढायचा. गोकर्णीची तर वेगळीच तऱ्हा. समोर निळी, फोटोत बरेचदा जांभळी. घरात दोन फोन असतील तर दोन रंगांची गोकर्ण आणि त्यावरून एक भांडण.

फोटो काढायचे तर फुलांच्या वेळा पाळाव्या लागतात, हे हळूहळू ध्यानात येतं. ज्या माणसाने नोकरीत असताना हजेरीपुस्तकाला कधी दाद दिली नाही, तो गुलबक्षीसाठी संध्याकाळी चारला घरी हजर असतो, कारण ती दुपार कलल्यावरच उमलते. पारिजातकासाठी पहाटे, उजाडलं की त्याची फुलं झाडावर नसून खालच्या स्कूटरच्या सीटवर असतात. सकाळी नऊ-दहाला ऊन चढलं की 'ऑफिस टाइम' जागी होते. या बुटक्या, मांसल पानांच्या रोपाला आपल्याकडे हे नाव इतकं चपखल बसलंय की त्याचं शास्त्रीय नाव विचारायचं कुणाला सुचत नाही. पंचाईत अशी की नोकरदार माणसाला ती फक्त रविवारी फुललेली दिसते. ढगाळ दिवशी ती उमलायचीही टाळाटाळ करते, म्हणजे तिला किरकोळ रजाही आहे.

या सगळ्यांची राणी मात्र ब्रह्मकमळ.

पावसाळ्यात कुणाच्या तरी बाल्कनीत कळी लटकू लागते आणि सोसायटीच्या ग्रुपवर तिची प्रगती रोज कळवली जाते. कळीचा देठ वर वळला, कळी फुगली, टोक पांढरं दिसू लागलं, "आज रात्री नक्की." रात्री साडेआठनंतर लोक जमू लागतात. घरमालकीण मसाला दूध करते, कारण रात्री माणसं जमली आणि मसाला दूध नाही, असं कसं चालेल? एक आजी हळदकुंकू आणि निरांजन घेऊन येतात. मुलांना सांगितलं जातं की फूल उमलताना मनातली इच्छा मागायची. तिमाही परीक्षा जवळ असल्याने इच्छांमध्ये फारशी विविधता नसते.

या सोहळ्यात मिठाचा खडा टाकणारा एक तरी वनस्पतिशास्त्रवाला प्रत्येक इमारतीत असतो. तो सांगतो की हे ब्रह्मकमळच नव्हे. खरं ब्रह्मकमळ हिमालयात खूप उंचावर येतं, ते उत्तराखंडचं राज्यपुष्प आहे आणि त्याचं कूळ सूर्यफुलाचं. कुंडीतलं हे झाड म्हणजे मेक्सिको-मध्य अमेरिकेकडचं निवडुंग, आणि ज्याला सगळे पान म्हणतायत ते पान नसून चपटं खोड आहे. हे सगळं खरं असतं. सगळे ऐकून घेतात, एक जण म्हणतो, "असेल असेल," आणि आजी निवडुंगाला हळदकुंकू वाहतात.

फोटोच्या दृष्टीने हे फूल म्हणजे परीक्षाच. काळोख आहे, फूल पांढरंशुभ्र आहे, आणि समोर दहाबारा माणसांचे दहाबारा फ्लॅश. समोरून फ्लॅश मारला की पाकळ्यांची सगळी नजाकत जाते. उरतो एक पांढरा गोळा आणि मागच्या भिंतीवर त्याची भुतासारखी सावली. त्यापेक्षा सगळे दिवे मालवून एकाच टॉर्चचा उजेड बाजूने, जरा मागून सोडला तर पाकळ्या आतून उजळल्यासारख्या दिसतात, आतले बारीक केसर एकेक मोजता येतात, आणि बाहेरच्या अरुंद पाकळ्यांवरची गुलाबी-तपकिरी झाक दिसते, जी दिवसा कळी पाहणाऱ्यांनाही कधी दिसली नव्हती. हे करायला फक्त सगळ्यांनी एक मिनिट फ्लॅश बंद ठेवायचा असतो. सोसायटीच्या वार्षिक सभेत लिफ्टच्या खर्चावर एकमत होणं त्यापेक्षा सोपं.

शिवाय प्रत्येकाला फुलाबरोबर स्वतःचाही फोटो हवा असतो. "फुलाच्या जवळ ये. अजून जवळ. वास घेतल्यासारखं कर." उमलण्याची सगळी क्रिया टाइमलॅप्समध्ये टिपायची म्हणून एका फोनला चार्जर लावून, पुस्तकांच्या चळतीवर टेकवून ठेवलेलं असतं. संध्याकाळपासून त्याला कुणी हात लावलेला नसतो. अकराच्या सुमाराला, फूल अर्धं उघडलेलं असताना, त्याच फोनवर नाशिकच्या आत्याचा कॉल येतो आणि चित्रीकरण थांबतं. आत्याला विचारायचं असतं, "उमललं का गं फूल?"

लंडनमध्ये शंभराहून अधिक वर्षांपूर्वी पर्सी स्मिथ या, आधी शिक्षण खात्यात कारकुनी केलेल्या माणसाने असंच घर डोक्यावर घेतलं होतं. फुलं उमलताना दाखवणारा 'द बर्थ ऑफ अ फ्लॉवर' हा त्याचा चित्रपट १९१० सालचा. ठरावीक वेळाने एकेक चित्र घेणारी यंत्रं त्याने घरातच जुळवली होती, आणि रात्री फिल्म संपली किंवा काही अडलं तर झोपेतून उठवायला घंटा वाजेल अशी व्यवस्थाही केली होती. त्याच्या बायकोचं म्हणणं इतिहासाने फारसं नोंदवलेलं नाही. ती घंटा तिलाही ऐकू येत असणार.

कॅमेराच नको असेल तर फुलांच्या फोटोची आणखी जुनी रीत आहे, आणि आपल्याकडच्या गच्च्यांना ती जन्मजात जमेल. १८४२ साली जॉन हर्शेल यांनी लोहाच्या क्षारांनी कागदावर निळं चित्र उमटवण्याची पद्धत शोधली. पुढच्याच वर्षी ॲना ॲटकिन्स या इंग्लिश बाईंनी तिच्या साहाय्याने समुद्रशैवालांचं पुस्तक काढायला घेतलं. छायाचित्रं असलेलं जगातलं पहिलं पुस्तक म्हणून ते ओळखलं जातं. त्याचे भाग दहा वर्षं निघत राहिले, मजकूर त्यांच्या स्वतःच्या हस्ताक्षरात. रसायन फासलेल्या कागदावर वनस्पती ठेवायची, वर काच दाबायची, उन्हात ठेवायचं, पाण्यात धुवायचं, वाळवायचं. पान होतं तिथे पांढरं राहतं, बाकी सगळं गडद निळं. म्हणजे सगळी कृती पापड-कुरडयांच्या वाळवणासारखी, राखण्यासकट. फक्त कावळ्याला यात रस नसतो. शेवग्याची डहाळी, लाजाळूचं पान, गाजराच्या पाल्याची जाळी यांचे ठसे फार सुरेख येतात. मुलांच्या सुट्टीत एका दुपारची निश्चिंती.

स्वयंपाकघराचं आणि या छंदाचं नातं जरा नाजूक आहे. एडवर्ड वेस्टन या अमेरिकन फोटोग्राफरने १९३० साली एका वेड्यावाकड्या भोपळी मिरचीचा फोटो काढला, 'पेपर नंबर ३०'. मिरची त्याने पत्र्याच्या नरसाळ्यात ठेवली होती, त्यामुळे उजेड तिच्याभोवती मऊ फिरला आणि मिरची एखाद्या पाठमोऱ्या पैलवानासारखी दिसू लागली. फोटो जगप्रसिद्ध झाला. फोटोसाठी वापरलेल्या मिरच्या वेस्टन खाऊन टाकत असे आणि आपल्या मॉडेलांना खातो म्हणून लोक त्याला चिडवत, हे त्याच्या रोजनिशीत आहे. हा शिरस्ता इथे रूढ झाला तर घरोघरची शांतता टिकेल. कारण आपल्याकडे फोटो काढेपर्यंत मिरची चिरू देत नाहीत, आणि फोटो झाला की भाजीची वेळ निघून गेलेली असते. लाल कोबी मधोमध आडवा कापला की आतली चक्राकार नक्षी पाहून माणूस सुरी खाली ठेवतो आणि फोन शोधायला जातो. मागे फोडणी करपते.

पण खरा पेच कढीपत्त्याचा. कुंडीतल्या कढीपत्त्यावर आणि लिंबावर कॉमन मॉरमॉन जातीचं फुलपाखरू अंडी घालतं. अंड्यातून निघालेला सुरवंट सुरुवातीला थेट पक्ष्याच्या विष्ठेसारखा दिसतो, तपकिरी-पांढरा, चकचकीत, घरातली माणसं "शी!" म्हणून सोडून देतात आणि पक्षीही तेच करतात. त्याच्या वेषांतराचा हेतू तोच. मोठा झाल्यावर तो पानासारखा हिरवागार होतो. बोट लावलं तर डोक्यामागून लाल रंगाची दुहेरी शिंगं बाहेर काढतो आणि एक उग्र वास सोडतो. हे सगळं टिपायला मिळालं की फोटो काढणाऱ्याचं भान हरपतं. तो सुरवंटांवर पहारा ठेवतो. लिंबाच्या रोपावर नीलवंत, म्हणजे २०१५ पासून महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू, येईल या आशेने त्या रोपालाही कुणाला हात लावू देत नाही. रविवारी पोहे होतात.

"कढीपत्ता नाही घातला?"

"तुमच्या पाहुण्यांनी खाल्लाय सगळा. विकतचा आणू का?"

"आण ना. त्यांनाही दोन काड्या ठेवू."

जवळून बघायची सवय लागली की झाडावर इतरही बरीच वस्ती सापडते. जास्वंदीच्या शेंड्याला कापूस लागलाय असं वाटत होतं, तो पिठ्या ढेकूण निघतो. मुंग्या त्याच्याभोवती का घुटमळतात तेही कळतं: तो गोड चिकटा सोडतो आणि मुंग्या त्या मोबदल्यात त्याची राखण करतात. इथे दोन पंथ पडतात. एक पंथ आधी फोटो काढतो आणि मग कडुनिंबाचं तेल मारतो. दुसऱ्याला अजून हवा तसा फोटो मिळालेला नसल्यामुळे जास्वंद वाळत जाते.

पाण्याच्या थेंबांविषयी एक गौप्यस्फोट इथेच करून टाकलेला बरा. फोटोतल्या गुलाबावरचं टपोरं दव बहुतेक वेळा दव नसतं. तिसऱ्या मजल्यावरच्या आडोशाच्या बाल्कनीत दव पडायला तेवढा वेळ कुठला? पाण्यात थोडं ग्लिसरीन मिसळून फवारा मारला की थेंब ओघळत नाहीत, लवकर सुकत नाहीत, आणि दुपारी दोन वाजताही पहाट ओली राहते. मात्र फसवणूक न करता थेंब हवे असतील तर मनीप्लांट किंवा अळूच्या पानांच्या टोकांकडे सकाळी लवकर पाहावं. मुळांनी रात्री ओढलेलं जास्तीचं पाणी पान टोकातून बाहेर टाकतं आणि तिथे एक थेंब लोंबत असतो. त्या थेंबाच्या मागे, बोटभर अंतरावर, झेंडूचं फूल धरलं तर थेंबात आख्खा झेंडू दिसतो, ज्वारीच्या दाण्याएवढा, पाकळीन् पाकळी स्पष्ट आणि उलटा. मग फूल उलटं धरायचं म्हणजे थेंबात सुलटं दिसेल. यासाठी एका हातात फोन, दुसऱ्यात झेंडू, आणि पान धरायला पुन्हा घरातलं तेच मनुष्यरूपी स्टँड.

एवढ्या कष्टाने काढलेले फोटो शेवटी जातात कुठे? सकाळी सहाला, सगळ्या नातेवाइकांकडे. २०१८च्या जानेवारीत 'वॉल स्ट्रीट जर्नल'ने बातमी दिली होती की भारतातले फोन भरून का अडकतात हे गूगलच्या संशोधकांनी शोधलं, तेव्हा एक मोठं कारण निघालं ते 'गुड मॉर्निंग'ची चित्रं: सूर्योदय, बाळं आणि अर्थातच फुलं. असली चित्रं हुडकून पुसून टाकायची सोय गूगलने आपल्या 'फाइल्स गो' या ॲपमध्ये केली. म्हणजे पंखा बंद करून, घर घामाघूम करून टिपलेला मोगरा ओळखून काढायला आता एक यंत्र बसवलेलं आहे. तरीही तो पसरतो. आठवड्याभराने तो त्याच्या मालकाकडे परत येतो तेव्हा त्याच्यावर सोनेरी अक्षरांत सुप्रभात, कोपऱ्यात वाफाळता चहाचा कप, आणि खाली कुणातरी थोर पुरुषाच्या नावावर, त्याने कधीही न म्हटलेलं एक वाक्य असतं.

प्रतिक्रियांचंही एक शास्त्र आहे. "वा!" म्हणजे पाहिलेला नाही. "खत कोणतं?" म्हणजे पाहिला आहे. "विकतचं वाटतंय" ही सर्वोच्च दाद. पुण्यात एम्प्रेस गार्डनच्या जानेवारीतल्या पुष्पप्रदर्शनाला किंवा मुंबईत राणीच्या बागेतल्या प्रदर्शनाला जाऊन काढलेले फोटो काही मंडळी "आमच्या टेरेसवर" म्हणून टाकतात; मागे दोरीचं कुंपण आणि माहितीची पाटी दिसते तेव्हा कुणी बोलत नाही, कारण उद्या आपलीही पाटी दिसू शकते.

दिवाळीच्या सुमारास छंदाला नवी पालवी फुटते: कॅलेंडर. बारा महिन्यांचे बारा फोटो निवडायला घरात बैठका होतात. ऑगस्टला ब्रह्मकमळ ठरतं, मेला मोगरा. सुरवंट नोव्हेंबरात घालावा की नाही यावर मतदान होऊन सुरवंट पडतो. छपाईच्या दुकानातला मुलगा जास्वंद आणखी लाल करून देतो. प्रती नातेवाइकांत वाटल्या जातात, आणि सगळे खरोखर खूश होतात. जानेवारीत सोलापूरहून विहीणबाईंचा फोन येतो.

"काय सुरेख फोटो आहेत हो! भिंतीवर लावलं लगेच. एक विचारू का, संकष्टी कुठे छापलीय यात?"

"तिथी नाही घातल्या यांनी."

"अगंबाई! मग असू दे, कालनिर्णय आहेच, शेजारीच टांगलंय. ह्याच्यावर मी दुधाचा हिशेब लिहिते, चौकोन छान मोठे आहेत. आणि त्या ऑगस्टातल्या ब्रह्मकमळाचं एक पान पाठवाल का जावयांबरोबर? कुंडी भरून ठेवलीय मी."